टेसाची आई गावी गेली

माझ्या मानेत गाठ निघाली आणि कुवेतमधल्या समस्त मराठी मंडळींनी मला पुस्तकं आणून द्यायला सुरुवात केली. गव्हांकुराच्या रसाचे फायदे. मन शांत ठेवण्याच्या युक्त्या. एका बाईंनी तर मृत्यूनंतरच्या प्रवासावरचं पुस्तक आणलं आणि वर म्हणाल्या, "सावकाश वाचा." मी म्हटलं, "हो ना, घाई कशाला!" त्यांना काही कळलं नाही. त्या चहा पिऊन गेल्या.

शहाण्यासारखी वागली ती एकटी रुखसानाभाभी. मंगफला आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते, मूळची दापोलीची, एका शाळेत ग्रंथपाल आहे. एका संध्याकाळी ती लिफ्टमधून एक जडशीळ खोका पायाने ढकलत आमच्या दारात आली.

"अगो सुनीता, यात खून आहेत," ती म्हणाली. "दर भागात निदान दोन. शिवाय प्रेमप्रकरण आहे. वाच नि गप पडून राहा."

कुवेत कायमचं सोडून जाणारा माणूस सोफा विकतो, टीव्ही विकतो आणि पुस्तकं शेजाऱ्याच्या दारात ठेवून विमान पकडतो. भाभीलाही हा खोका असाच कुणाकडून मिळाला होता. एकाच इंग्रजी मालिकेचे आठ भाग. प्रत्येक मुखपृष्ठावर एक पोलीसबाई, मागे काचेचे उंच मनोरे, आणि तिला मिठी मारून उभा एक पुरुष. आमच्या ह्यांनी मुखपृष्ठ पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून खाकी कागद आणून आठही भागांना शाळेच्या वह्यांसारखी कव्हरं घातली.

मला औषधातलं काही कळत नाही, त्यामुळे या लिखाणात ते सापडणार नाही. तुमच्या हातात आजच रिपोर्ट पडला असेल, तर माझ्याकडे सांगण्यासारखं आहे ते या खोक्याबद्दल आणि आमच्या ह्यांनी त्याचं काय केलं त्याबद्दल.

सीटबेल्ट

मी शर्कमधल्या एका कंपनीत खरेदी विभागात काम करते. मंगफहून रोज गाडीने जायचं, यायचं. एका सकाळी सीटबेल्ट मानेला टोचला. हात लावून बघितलं तर वाटाण्याएवढं काहीतरी. महिनाभर मी सीटबेल्टलाच शिव्या घातल्या. मग बेल्ट काढला तरी ते तिथंच होतं.

तपासण्या झाल्या. निकालाच्या दिवशी मी रक्त द्यायच्या रांगेत होते, तेवढ्यात आमचा नंबर लागला आणि हे एकटेच डॉक्टरांच्या खोलीत गेले. मी पोचले तेव्हा हे बाहेर येत होते. चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट.

"गाठीचा कॅन्सर आहे," हे म्हणाले. "पण साधा. सहा महिने औषध, दर दोन आठवड्यांनी. माफी मुश्किल."

माफी मुश्किल म्हणजे काही अडचण नाही. इथं हे वाक्य प्लंबरपासून मंत्रालयातल्या कारकुनापर्यंत सगळे म्हणतात आणि ते म्हटलं की हमखास अडचण असते. पण मी 'कॅन्सर' या शब्दापाशीच अडकले होते, पुढचं ऐकलंच नाही. मग मीही आत गेले. डॉक्टर इजिप्तचे, भले गृहस्थ. माझ्याशी बोलताना दर वाक्याला ते ह्यांच्याकडे बघत होते. मला वाटलं, पुरुषाकडे बघून बोलायची त्यांची पद्धत असेल.

गाडीत बसल्यावर मी रडले. हे म्हणाले, "अगं, सीटबेल्ट लाव."

आमच्या ह्यांची ओळख करून द्यायला हवी. नाव दिलीप, गाव लातूर, नोकरी शुऐबाच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसरची. रोज सकाळी कामगारांना उभं करून भाषण द्यायचं: छोटी चूक असो, नुसता पाय घसरलेला असो, कळवा. लपवू नका. लपवलेली चूक उद्या दुसऱ्याचा जीव घेते. हे भाषण मला पाठ आहे, कारण अंघोळ करताना ते त्याची तालीम करतात.

मंगळवार

दर दुसऱ्या मंगळवारी सकाळी सातला हॉस्पिटल. बताका दाखवायचं, म्हणजे इथलं ओळखपत्र. हातावर पट्टी बांधून घ्यायची, खुर्चीवजा पलंगावर पडायचं. मग केरळची सिस्टर ब्लेसी यायची, शीर शोधायची, आणि सापडली की स्वतःच "थँक यू जीझस" म्हणायची. तिने देवाचे आभार मानले की मला समजायचं, आज एकाच टोचण्यात भागलं.

पहिला भाग मी औषध सुरू व्हायच्या आधीच वाचायला घेतला होता आणि त्यात पुरती गुंतले होते. गोष्ट शंभर वर्षांनंतरची. समुद्रावर तरंगणारं एक शहर, तिथली इन्स्पेक्टर टेसा. चेहरा बघून माणूस खोटं बोलतोय का ते सांगणारी यंत्रं आहेत, पण टेसाचा त्यांवर भरवसा नाही. ती समोर बसते आणि प्रश्न विचारते. आणि ऑरिन नावाचा एक माणूस आहे, पाणी शुद्ध करायची यंत्रं दुरुस्त करणारा. पहिल्याच भागात ती त्याला चुकीने अटक करते. सुटल्यावर तो तिला म्हणतो, तुझ्या कोठडीतला नळ गळतोय, उद्या येऊन दुरुस्त करतो. अहाहा! मी तिथंच विरघळले.

नंतर मी पुष्कळ विचार केला, मला हेच का आवडावं. पहिलं म्हणजे, त्यात गुन्हेगार असतो आणि तो सापडतो. माझ्या आजाराला गुन्हेगारच नव्हता. मी काय चुकीचं खाल्लं, कुणाचं वाईट केलं, सगळं शोधून झालं, कुणी हाती लागेना. दुसरं, दिवसभर मुडद्यांमध्ये फिरून टेसा घरी येते तेव्हा तिची वाट बघणारं कुणीतरी असतं आणि ते तसं बोलून दाखवतं. आमच्याकडे बोलून दाखवायची पद्धत नाही. आणि तिसरं, ते शंभर वर्षांनंतरचं होतं. म्हणजे पुढे काहीतरी आहे. मला त्या दिवसांत पुढच्या महिन्याचं कॅलेंडर उलटायची भीती वाटायची, आणि ह्या बाईकडे पुढची शंभर वर्षं होती.

पण दुसऱ्या मंगळवारनंतर अक्षरं पानावर पोहायला लागली. दोन ओळी वाचल्या की मळमळ. मी पुस्तक फेकलं आणि लहान पोरीसारखी रडले. तेव्हा आयुष्यात एकही कादंबरी न वाचलेला हा माणूस म्हणाला, "आण इकडं. मी वाचतो."

आणि वाचलं की! इंग्रजीतून बघायचं आणि तोंडाने मराठी. त्यांच्या तोंडात टेसा पुरी लातूरची फौजदारीण झाली. "काय करायलास रे तू इथं? खरं सांग, नाहीतर दोन ठेवून देईन!" तिथं समुद्रावरच्या शहरात लोक काचेच्या नळीतून प्रवास करत होते आणि टेसा म्हणत होती, "चल, बस गाडीत, ठाण्यात बोलू." शेजारच्या पलंगावरच्या कुवेती आजीबाईंना मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण त्या पडदा बाजूला सारून ऐकायच्या आणि हाताने खुणावायच्या, पुढे, पुढे.

प्रेमाचं प्रकरण आलं की मात्र ह्यांचे कान लाल. "मग ते दोघं गच्चीवर गेले... बोलले... आणि दुसऱ्या दिवशी सकाळी."

"काय बोलले?"

"जनरल."

मला कळत होतं की हे पानं गाळतायत. मी हसायचे. पोटातलं ढवळणं तेवढ्यापुरतं विसरायचे.

तिसऱ्या भागात टेसाच्या आईला मानेत गाठ निघाली. हे क्षणभर थांबले, मग वाचू लागले, "डॉक्टर म्हणाला, काही नाही हो मावशी, एक इंजेक्शन आहे. ते घ्या आणि दुपारी घरी जेवायला जा."

"असं लिहिलंय?"

"असंच. मग आई बरी झाली आणि गावी गेली."

"तरंगत्या शहराला गाव कुठलं?"

"असंल की कुठंतरी लांब. प्रत्येकाला गाव असतंय."

मला ते पटलं. लातूरकडचं माणूस बरं झालं की गावीच जातं. त्या इंजेक्शनच्या वाक्याचा मला केवढा आधार वाटला म्हणून सांगू! दर मंगळवारी सुई टोचली की मी मनात म्हणायचे, दुपारी घरी जेवायला जा.

शुक्रवारचे केस

खोटं मीही बोलत होते, तेही सांगून टाकते. लातूरला माझी आई आहे, सत्त्याहत्तर वर्षांची, रक्तदाबवाली. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं. दर शुक्रवारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा आणि मी डोक्याला टॉवेल गुंडाळून बसायचे. "आत्ताच केस धुतले गं." केस तर कधीच उशीवर राहिले होते. आमची मुलगी तन्वी, बारावीतली, कॅमेऱ्यामागे उभी राहून डोळे फिरवायची. "मम्मा, धिस इज सो रॉंग," म्हणायची. मी तिला गप्प करायचे. आईच्या भल्यासाठीच चाललंय असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

पाचवा भाग

चार मंगळवार झाले होते. पाचव्या भागात टेसाला एक निरोप येतो, आईच्या आवाजात: जुन्या गोदीवर एकटी ये. टेसा निरोप ऐकते आणि तडक पिस्तूल काढते.

"का?" मी विचारलं. "आईचा फोन आला तर पिस्तूल कसलं काढते ही?"

"सावध आहे बाई."

"आईपासून?"

"पटत नसंल दोघींचं."

मला चैन पडेना. मी पर्चेसमधली बाई. कागदात एक कलम कमी असलं तरी मला वास येतो. शुक्रवारी दुपारी भाभी पेज घेऊन आली. हे आठवड्याचं सामान आणायला गेले होते. मी तिला विचारलं, आईचा आवाज ऐकून टेसा दचकते का?

"दचकेल नाही तर काय?" भाभी म्हणाली. "आई तर तिसऱ्या भागातच वारली ना तिची. तिला ते मानेत..." आणि ती एकदम थांबली. पेजेचा चमचा तिच्या हातात तसाच राहिला. "या अल्ला! भाईंनी तुला..."

मी तन्वीला हाक मारली, तिसरा भाग तिच्या हातात दिला आणि ते प्रकरण काढायला लावलं. पाच मिनिटं ती वाचत राहिली.

"मम्मा, शी डाईज. लाइक, तो होल पॉइंट आहे बुकचा."

"आणि इंजेक्शन? दुपारी घरी जेवायला जा?"

"नो इंजेक्शन." तिने पानं मागे-पुढे केली. "आय चेक्ड ट्वाइस, मम्मा."

मग मी चष्मा लावून स्वतः पानं चाळली. पेन्सिलीने बारीक कंस केलेले होते. हा माणूस शुऐबाला जाताना कंपनीच्या बसमध्ये बसून आधी वाचून ठेवत होता आणि कुठून कुठपर्यंत गाळायचं त्याच्या खुणा करत होता. गच्चीवरच्या भेटींना कंस होते, ते बघून हसू आलं. पण हॉस्पिटललाही होते, अंत्ययात्रेला होते, टेसा आईच्या रिकाम्या खोलीत बसते त्या सबंध प्रकरणाला होते.

माझं हसणं तिथंच विझलं. मला निकालाचा दिवस आठवला. दहा मिनिटं एकटेच आत. इस्त्रीचा चेहरा. डॉक्टरांचं दर वाक्याला ह्यांच्याकडे बघणं. या माणसाने अजून कुठे कुठे कंस केले असतील?

हे पिशव्या घेऊन आले. मी दारातच विचारलं, "माझी फाइल कुठाय?"

"कसली फाइल?"

"तू मला काय काय सांगितलं नाहीस?"

बावीस वर्षांत मी ह्यांना पहिल्यांदा अरेतुरे केलं. ह्यांच्या हातातली टोमॅटोची पिशवी खाली गेली. तन्वीने मुकाट्याने टोमॅटो गोळा केले.

फाइल ह्यांच्या सेफ्टीच्या बुटांच्या खोक्यात होती. मानेतली गाठ छोटी होती. छातीत एक मोठी होती. पहिल्या चार औषधांनंतर स्कॅन करायचा आणि तो स्वच्छ निघाला नाही, तर हे औषध बंद करून महिनोन्महिने हॉस्पिटलात राहून फार जबर उपचार घ्यायचे, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी ह्यांना सांगितलं होतं. तो स्कॅन येत्या रविवारी होता. मला सांगितलं होतं, रुटीन आहे.

"रोज सकाळी दोनशे माणसांना सांगता, लपवू नका," मी ओरडले. "पाय घसरला तरी सांगा! आणि घरी? मी तुमच्या कारखान्यातल्या हमालापेक्षा खालची आहे का हो?"

हे पलंगाच्या कडेला बसले. मग म्हणाले, "तुला सांगायला म्हणून तोंड उघडायचो. दर वेळी सीटबेल्ट लाव, पाणी पी, असलंच काहीतरी निघायचं. मला ते वाक्य तोंडातून काढता येईना, सुनीता. आणि हातात पुस्तक आलं तेव्हा वाटलं, निदान इथं तरी आई वाचंल."

आणि ते रडले. मी ह्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. राग गेला म्हणणार नाही, राग होताच. पण त्या रागात मी जाऊन शेजारी बसले.

"तिसरा भाग घ्या," मी म्हटलं. "ते प्रकरण वाचा. एक ओळ गाळायची नाही."

ह्यांनी वाचलं. टेसाच्या आईवर करण्यासारखं काही उरत नाही. आई टेसाला सांगते, मला यंत्राच्या आवाजात काही ऐकायचं नाही, तू तुझ्या तोंडाने सांग. टेसा सांगते. आई म्हणते, बरं, आता जरा खिडकी उघड. ह्यांचा आवाज दोनदा फाटला, तन्वी दारात उभी राहून ऐकत होती. मी घाबरेन असं सगळ्यांना वाटत होतं. मला खरं सांगू? दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. जे होतं ते आता आम्हा तिघांच्या मध्ये, पलंगावर होतं. एकट्याच्या बुटांच्या खोक्यात नव्हतं.

खुर्ची

रविवारी स्कॅन झाला, बुधवारी निकाल. मधल्या तीन दिवसांत आम्ही सहावा भाग संपवला, कंसांसकट. गच्चीवर ते दोघं जनरल बोलत नाहीत, एवढंच सांगते. ह्यांनी शेवटपर्यंत वाचलं, कान लाल करून. तन्वी "ओ माय गॉड, पप्पा!" म्हणत खोलीतून पळाली.

बुधवारी आम्ही दोघं एकदमच आत गेलो. डॉक्टरांनी सवयीने ह्यांच्याकडे बघितलं. हे उठले, आपली खुर्ची भिंतीकडे सरकवली आणि माझी खुर्ची टेबलासमोर ओढली.

"डॉक्टर, टेल हर," हे म्हणाले. "एव्हरीथिंग."

डॉक्टरांनी आधी ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. पडद्यावरचं चित्र माझ्याकडे वळवलं. पहिल्या चित्रात छातीत जो उजेड पेटला होता, तो दुसऱ्यात नव्हता. मानेतही नव्हता.

"क्लीन, मॅडम," ते म्हणाले. "अल्हम्दुलिल्ला. अजून आठ औषधं, हीच. मग खलास."

मी रिपोर्ट मागून घेतला आणि तिथंच बसून एकेक ओळ बोट ठेवून वाचली. अक्षरं पोहत होती, पण या वेळी कारण वेगळं होतं. मागे भिंतीपाशी हे नाक शिंकरत होते.

पुढच्या शुक्रवारी मी टॉवेल न गुंडाळता आईसमोर बसले. तिने बघितलं. खूप वेळ बघितलं.

"चला, त्या टॉवेलातून सुटलीस एकदाची," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं. एवढे केस तर तू लग्नाच्या आठवड्यातपण धुतले नव्हतेस." मग पदर डोळ्यांना लावला आणि मला यथेच्छ शिव्या दिल्या. त्या शिव्यांनी मला फार बरं वाटलं.

खोका

उरलेले आठ मंगळवार सोपे नव्हते. पण ते मोजता येत होते. ते संपले, आता वर्ष होत आलं. केस आलेत, पूर्वीपेक्षा कुरळे.

मागच्या महिन्यात भाभीचा फोन आला. सालमियाला एक मुलगी आहे, सोलापूरची, तिशीतली, तिलाही तेच निघालंय. खोका पाठवशील का? मी रबर घेऊन बसले आणि आठही भाग चाळून कंस पुसले. तिसऱ्या भागात त्या पानाशी मात्र थांबले. समासात पेन्सिलीने मराठीत लिहिलं: 'एक इंजेक्शन आहे. ते घ्या आणि दुपारी घरी जेवायला जा.' आणि खाली लिहिलं: 'हे पुस्तकात नाही. माझ्या नवऱ्याने घातलं होतं. पुस्तकात आई जाते. मी बरी झाले.' आणि माझा फोन नंबर. खोका ह्यांनी बांधला आणि खाली भाभीकडे नेऊन दिला.

दहा-बारा दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी ऑफिसात होते. आवाज थकलेला होता, पण भांडायच्या तयारीतला.

"ताई, तिसरा भाग झाला," ती म्हणाली. "रडले. समासातलंपण वाचलं, नवऱ्यालाही वाचायला लावलं. पण खोक्यात सातच आहेत हो. चौथा कुठाय?"

मी घरी येऊन शोधला. ह्यांच्या कंपनीच्या बॅगेत होता, खाकी कव्हर काढलेला. गच्चीवरच्या प्रकरणात बसचा पास खुणेला घातला होता.

"पुन्हा वाचताय?" मी विचारलं.

"नाही," हे म्हणाले. मग थांबले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हो."

दुसऱ्या दिवशी शर्कला जाताना वाट वाकडी करून मी तो सालमियाला पोचवून आले.